तबकडीवरची जोसेफीन

जोसेफीन बेकर हे नाव काढले की डोळ्यांपुढे येतो तो केळ्यांचा घागरा. १९२६ साली पॅरिसच्या फोली बेर्जेर या रंगमंदिरात तो घालून ती नाचली, त्याची छायाचित्रे जगभर गेली आणि त्या छायाचित्रांआड एक गायिका कायमची अर्धी झाकली गेली. तिच्याविषयीच्या लेखनात नाचाला, प्रेमप्रकरणांना, पाळलेल्या चित्त्याला भरपूर जागा मिळते. गाण्यांची बहुधा नावेच येतात. मला हा अन्याय वाटतो. कारण तिने मागे ठेवलेल्या पुराव्यांत सर्वांत सलग पुरावा गाण्यांचाच आहे. १९२६च्या पहिल्या ध्वनिमुद्रणापासून १९७५ सालच्या अखेरच्या कार्यक्रमापर्यंत तिचा आवाज जवळजवळ पन्नास वर्षे यंत्रात उतरत राहिला. नाच छायाचित्रात गोठतो. आवाज तबकडीवर जसा होता तसा पुन्हा उभा राहतो.

शिवाय तबकडी कागदासारखी वाचता येते. लेबलावर कंपनी असते, गाण्याचे नाव, कवी आणि संगीतकार असतात, साथीचा वाद्यवृंद असतो, कधी ते गाणे ज्या खेळातले त्याचेही नाव असते. मेणावर कोरलेल्या क्रमांकावरून ध्वनिमुद्रणांचा क्रम लावता येतो. लेबलाला छापील स्वरलिपीची जोड दिली, तिला खेळाच्या वर्णनाची आणि त्याला चित्रपटाची जोड दिली, की आठवणींच्या पुस्तकांवर डोळे मिटून विसंबावे लागत नाही. जोसेफीनच्या बाबतीत ते विसंबणे फार धोक्याचे आहे.

फ्रीडा जोसेफीन मॅकडोनाल्ड हे तिचे जन्मनाव. जन्म ३ जून १९०६, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातले सेंट लुईस. बेकर हे आडनाव दुसऱ्या नवऱ्याचे. लग्न संपले, आडनाव उरले. न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णी कलावंतांच्या खेळांत मागच्या रांगेत नाचणारी ही मुलगी सप्टेंबर १९२५मध्ये बेरेंगेरिया जहाजाने फ्रान्सला निघाली आणि २ ऑक्टोबरला शांझेलिझे थिएटरात ‘ला रव्यू नेग्र’च्या पहिल्या खेळात उभी राहिली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ओडिअन कंपनीने पॅरिसमध्ये तिची गाणी घेतली. (याच ओडिअनच्या शिक्क्याखाली पुढे १९३०च्या दशकात मुंबईत मराठी गाणी निघाली, म्हणून जुन्या तबकड्यांच्या मराठी शौकिनांना ते नाव परके नाही.)

१९२६ आणि १९२७ या दोन वर्षांतली ओडिअनची गाणी ओळीने लावून पाहावीत. ‘हू?’, ‘डायना’, ‘स्लीपी टाइम गॅल’, ‘ब्लू स्काइज’, ‘ब्रीझिंग अलाँग विथ द ब्रीझ’. सारी इंग्रजी, सारी अमेरिकी. पॅरिसने जिला डोक्यावर घेतले, ती पॅरिसमध्येच गात होती आणि तरी तबकडीवर एक फ्रेंच गाणे नाही. ही यादी आणखी काही सांगते. ‘डायना’ हे गाणे ब्रॉडवेवरच्या प्लँटेशन क्लबात गायिका एथेल वॉटर्सने लोकप्रिय केले. फ्रान्सला निघण्याआधी १९२५च्या उन्हाळ्यात जोसेफीन त्याच क्लबात नाचत होती. म्हणजे हे गाणे तिला कोणाच्या स्वरलिपीवरून शिकण्याची गरज नव्हती, ते तिच्या कानांवर रोज पडलेले होते. ‘ब्लू स्काइज’ हे आयर्व्हिंग बर्लिनचे गाणे न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पहिल्यांदा आले ते डिसेंबर १९२६च्या अगदी शेवटी. तेही १९२७मध्ये पॅरिसच्या तबकडीवर आहे. न्यूयॉर्कमधले नवे गाणे काही महिन्यांत समुद्र ओलांडून येत होते आणि ते गाऊन देणारी अमेरिकी मुलगी पॅरिसला हवी होती. ओडिअनला तिच्याकडून अमेरिकाच विकत घ्यायची होती.

आवाजही तेच सांगतो. तो लहान आहे, उंच आहे, उड्या मारतो. ओळ संपली की शब्द टाकून ती नुसत्या अक्षरांनी खेळते, वाद्याची नक्कल करते. सूर धरून ठेवायची तिला घाई नाही, किंबहुना तो धरून ठेवता येतो असा पुरावाच या तबकड्यांत नाही. एका नर्तकीने नाचता नाचता गावे तसे हे गाणे आहे. मला ते फार आवडते. पण १९२७पाशी थांबलो तर पुढे काय होणार आहे याचा अंदाज कोणालाही बांधता येणार नाही.

त्याच साली, १९२७मध्ये, तिच्या आठवणींचे पहिले पुस्तक निघाले. पत्रकार मार्सेल सोव्हाजने तिच्याशी बोलून ते फ्रेंचमध्ये लिहिले. तिचे फ्रेंच तेव्हा जेमतेम होते. पुस्तकात महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांविषयी काही वाक्ये अशी आली की माजी सैनिक संतापले. तेव्हा आपण ते लिहिलेले नाही, असे तिला सांगावे लागले. जी आत्मकथा खुद्द नायिकेने नाकारली, ती तिच्या मनाचा आरसा म्हणून वापरणे इतिहासकाराला परवडत नाही. ते पुस्तक १९२७च्या पॅरिसला तिच्याकडून काय ऐकायचे होते याचा पुरावा आहे. तेवढ्यापुरते ते मोलाचेही आहे. तिच्या आवाजाविषयी बोलायचे तर तबकडीच बरी.

मग तबकड्यांत खंड पडतो. १९२८पासून ती पॅरिसबाहेर होती: व्हिएन्ना, बुडापेस्ट, उत्तर युरोप, पुढे दक्षिण अमेरिका. व्हिएन्नात तिच्याविरुद्ध निदर्शने झाली. या काळात तिचा व्यवस्थापक आणि जोडीदार पेपितो आबातिनो याने तिच्यासाठी शिक्षक लावले, भाषेचे आणि आवाजाचेही. अशा शिकवण्यांच्या हकिगती कलावंतांच्या चरित्रांत नेहमी असतात आणि त्या फुगवलेल्याही असतात. इथे मात्र त्यांची परीक्षा घेता येते, कारण दौऱ्याआधीची तबकडी आहे आणि दौऱ्यानंतरचीही आहे.

२६ सप्टेंबर १९३०ला कासिनो द पारी या रंगमंदिरात ‘पारी की रम्यू’ हा भव्य खेळ सुरू झाला. निर्माता आंरी वार्ना. तो काळ लक्षात घ्यायला हवा. फ्रान्सने अल्जीरियावर चढाई केली त्याला १९३०मध्ये शंभर वर्षे होत होती. पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या व्हँसेन भागात प्रचंड वसाहत-प्रदर्शन उघडायचे होते. साम्राज्याचा देखावा मांडायला शहर सजत होते आणि वार्नाचा खेळ त्याच वाऱ्यावर उभा होता. त्यातल्या गाण्यांची नावे वाचली तरी ते कळते. ‘ला पतीत तोंकिनवाझ’ व्हिएतनामच्या उत्तर भागातल्या, तेव्हाच्या तोंकिनच्या मुलीचे. दुसऱ्या गाण्यात नायिका ऊस हवा का म्हणून विचारते, सोबतीला गायक आद्रियें लामी. तिसऱ्याचे नावच ‘दी-म्वा, जोसेफीन?’, म्हणजे पात्राला कलावंतिणीच्याच नावाने हाक. पात्र कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते, ही रेघ खेळ लिहिणाऱ्यांनीच पुसायला घेतली होती.

आणि याच खेळात ‘झे द्यू झामूर’ होते. संगीत व्हँसाँ स्कोत्तोचे, शब्द झेओ कोजेर आणि वार्ना यांचे. स्कोत्तो आणि कोजेर रस्त्याने चालले असता सुचले म्हणून एका दाराच्या कमानीखाली थांबून त्यांनी ते रचले, अशी आठवण सांगतात. असेलही. अशा आठवणी गाणे गाजल्यावर छापल्या जातात आणि गाजलेल्या गाण्याला शोभेल असा जन्म त्याला देतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते खेळातले त्याचे स्थान, कारण तिथेच या गाण्याचा अर्थ दडलेला आहे.

गाण्यात एक स्त्री म्हणते की माझी दोन प्रेमे आहेत, एक माझा देश आणि दुसरे पॅरिस. आज हे ऐकणारा प्रत्येकजण समजतो की ‘माझा देश’ म्हणजे अमेरिका. सेंट लुईसची मुलगी, वर्णद्वेषाला कंटाळून पॅरिसला आली, दोन्हीकडे जीव गुंतला. गाणे तिच्या आयुष्याचेच. पण खेळातल्या प्रवेशांचे वर्णन पाहा. हे गाणे ‘ऊनावा’ नावाच्या प्रवेशातले. स्थळ विषुववृत्तावरच्या आफ्रिकेतले अरण्य. जोसेफीन तिथली मुलगी आहे, फ्रेंच वसाहतवाल्या तरुणावर तिचे मन बसले आहे, त्याच्यासोबत पॅरिसला जायची ओढ आहे आणि तिच्या टोळीला ते मान्य नाही. म्हणजे १९३०च्या रंगमंचावर हे गाणे गाणाऱ्या पात्राचा देश अमेरिका नव्हताच. तो वार्नाच्या रंगाऱ्यांनी पडद्यावर रंगवलेला देश होता. जोसेफीन त्या आफ्रिकेत जन्मली नव्हती, वाढली नव्हती. साम्राज्याच्या कल्पनेतली एक मुलगी साम्राज्याच्या राजधानीवर प्रेम करते, एवढाच मूळ मामला होता. आणि तो पॅरिसच्या प्रेक्षकाला कमालीचा सुखावणारा होता.

मग त्याचे आत्मचरित्र कसे झाले? मला वाटते ते तबकडीने केले. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीने हे गाणे मुद्रित केले. साथीला मेलोडिक-जाझ हा कासिनो द पारीचाच वाद्यवृंद, संचालक एदमों माय्यू. म्हणजे रंगमंचावरची साथ जशीच्या तशी होती. मात्र तीन मिनिटांच्या तबकडीत प्रवेश मावत नाही. अरण्य गेले, वसाहतवाला तरुण गेला, टोळी गेली. उरली एक बाई आणि तिचे नाव. ‘स्वयंवर’मधले पद तबकडीवर ऐकताना रुक्मिणी हळूहळू मागे सरते आणि बालगंधर्वच समोर उभे राहतात, तसेच हे झाले. ज्यांनी खेळ कधी पाहिला नाही, जे पॅरिसला कधी गेलेही नाहीत, त्यांच्या घरी जोसेफीन स्वतःविषयी गात होती. ऐकणाऱ्यांनी अर्थ बदलला आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. कारण तिने पुढे तोच अर्थ जगून खरा केला.

त्या तबकडीवरचा आवाज १९२७च्या शेजारी ठेवून ऐकावा. तीच बाई आहे हे ओळखू येते, पण सुरावरची पकड निराळी आहे. वरच्या पट्टीतला सूर आता ती लांबवते, त्याला कंप देते, उतरताना त्याला सोडून देत नाही. उच्चार परकेच राहिले आहेत, पण शब्द स्पष्ट आहेत आणि कोणत्या शब्दावर वजन द्यायचे ते तिला कळते. शिक्षक खरोखर लागले होते आणि शिष्येने खरोखर मेहनत घेतली होती, याला या दोन तबकड्यांहून चांगली साक्ष मिळणार नाही. खेळ पाहिलेल्या समीक्षकांनीही नर्तकी गेली आणि गायिका परत आली अशा अर्थाचे लिहिले. पण समीक्षक उत्साहात काहीही लिहितात. इथे त्यांचे म्हणणे आजही तपासून घेता येते.

‘ला पतीत तोंकिनवाझ’चा इतिहासही असाच बोलका आहे. ते गाणे नवे नव्हते. स्कोत्तोचेच, पण १९०६ सालचे; पोलँ या विनोदी गायकाने ते गाजवले होते. मूळ गाण्यात बोलतो तो पुरुष, वसाहतीत जाऊन आलेला, तिथल्या आपल्या बायकोचे कौतुक सांगणारा. जोसेफीनच्या तबकडीत बोलणारी ती मुलगी झाली. शब्द तसे फिरवून घेतले. जिच्याविषयी चोवीस वर्षे बोलले जात होते, तिच्या तोंडी गाणे आले, एवढ्यावरून ती मुक्त झाली असे मानायचे कारण नाही. आता ती स्वतःच आपण किती गोड आणि किती आज्ञाधारक ते सांगते. तरीही मध्येच शब्दांपलीकडे जाऊन पाखरासारखा फिरणारा तिचा आवाज ऐकला की जाणवते, कवींनी जे लिहिले त्यात ही गायिका मावत नाही.

१९३४चा ‘झुझू’ आणि १९३५चा ‘प्रिन्सेस ताम-ताम’ हे बोलपट सहज पाहता येतात, म्हणून त्यांच्यावर रेंगाळत नाही. ‘झुझू’त तिला सोन्याच्या पिंजऱ्यात झोक्यावर बसवून हैतीविषयीचे गाणे दिले आहे, तेही स्कोत्तोचेच. पुन्हा दूरच्या, तिने न जगलेल्या मायदेशाची ओढ. दुसऱ्या चित्रपटातले आफ्रिकेच्या आकाशाचे गाणे तबकडीवर आले तेव्हा साथीला कॉमेडियन हार्मोनिस्ट्स हा जर्मन गायकगट होता. त्याच १९३५मध्ये नाझी राजवटीच्या बंदीने तो गट फुटला, कारण त्यातले काही गायक ज्यू होते. वर्णामुळे देश सोडलेली बाई आणि धर्मामुळे देश सुटलेले गायक एका तबकडीवर आहेत, हे त्या लेबलाकडे बघून पटकन लक्षात येत नाही.

१९३६ची न्यूयॉर्कची फेरी मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. ‘झिगफेल्ड फॉलीज’ हा तिथला सर्वांत झगमगता खेळ. ३० जानेवारीला विंटर गार्डन थिएटरात सुरू झाला. गाणी व्हर्नन ड्यूक आणि आयरा गर्श्विन यांची. जोसेफीनच्या वाट्याला एक प्रवेश वेस्ट इंडीजचा, एक चक्क ‘महारानी’चा. पॅरिसने तिला तोंकिनची केली, न्यूयॉर्कने हिंदुस्थानची. सेंट लुईसची तिला कोणी होऊ दिले नाही. परीक्षणे क्रूर होती. ‘टाइम’ साप्ताहिकातला मजकूर तर आज वाचवत नाही. त्यात गाण्याचा विचार थोडा आणि वर्णाचा माज सारा. मे महिन्यात खेळ थांबला, शरदात पुन्हा उभा राहिला तेव्हा तिच्या जागी जिप्सी रोझ ली होती.

पुढची नोंद तबकडीतच सापडते. कोल पोर्टरचे ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’ हे गाणे जोसेफीनने फ्रेंच शब्दांत गायले आहे. हे गाणे लोकांसमोर आले ते ‘बॉर्न टू डान्स’ या चित्रपटातून, आणि तो नोव्हेंबर १९३६मध्ये लागला. म्हणजे ही तबकडी न्यूयॉर्कच्या अपमानानंतरची, याविषयी शंका राहत नाही. ‘देअर इज अ स्मॉल हॉटेल’ हेही त्याच वर्षीचे ब्रॉडवेचे गाणे तिने फ्रेंचमध्ये घेतले. दहा वर्षांपूर्वी ती पॅरिसमध्ये बसून अमेरिकी गाणी इंग्रजीत गात होती. आता तीच अमेरिका ती फ्रेंचमध्ये गाऊ लागली. तिने याविषयी काही बोलून ठेवले असो वा नसो, या दोन तबकड्यांत मला ठाम निर्णय ऐकू येतो. ३० नोव्हेंबर १९३७ला तिने झाँ लिओंशी लग्न केले आणि ती फ्रेंच नागरिक झाली. ‘झे द्यू झामूर’च्या तबकडीला तेव्हा सात वर्षे झाली होती.

युद्धकाळातल्या तिच्या कामगिरीत गाण्याचा कागद स्वतःच दस्तऐवज झाला. फ्रेंच गुप्तचर अधिकारी झाक आबते तिच्यासोबत तिचा सचिव म्हणून दुसऱ्या नावाने प्रवास करत होता. नोव्हेंबर १९४०मध्ये ती लिस्बनला गेली तेव्हा जर्मन सैन्याविषयीची माहिती तिच्या स्वरलिपींच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेली होती, ही हकिगत सर्वत्र सांगितली जाते. या हकिगतीचा मुख्य आधार आबतेचे १९४८ सालचे पुस्तक आहे. तो प्रत्यक्ष सोबत होता आणि घटनेला आठच वर्षे झाली होती, ही जमेची बाजू. तो स्वतः कथेचा नायकही आहे, ही दुसरी. जोसेफीनचा दर्जा आणि तिची पदके यांना मात्र सरकारी आधार आहे: हवाई दलाच्या महिला साहाय्यक पथकातील हुद्दा, १९४६मधले प्रतिकार पदक, पुढे क्रुआ द गेर आणि लेजियों दॉनर. सीमेवरच्या शिपायांनी तिच्या सहीसाठी गर्दी केली आणि कागद कोणी तपासले नाहीत, हा भाग मी आबतेच्या हवाली ठेवतो. एवढे निश्चित की प्रसिद्ध गायिकेच्या सामानात स्वरलिपी असणारच, आणि त्याहून चांगली लपवण्याची जागा शोधून सापडली नसती.

युद्ध संपल्यावर तिने वाद्यवृंद-संचालक झो बुयोंशी लग्न केले, त्याच्या साथीने पुन्हा ध्वनिमुद्रणे केली. ‘झे द्यू झामूर’ तर प्रत्येक कार्यक्रमात गावेच लागे. पण आता ती त्यात एक बदल करून गाऊ लागली. मूळ ओळीत देश आणि पॅरिस ही दोन नावे जोडलेली होती. तिने मधला एवढासा जोडशब्द बदलला आणि पॅरिस हाच माझा देश, असे म्हटले. ओळीची लांबी तीच, चाल तीच. ऊनावाचे अरण्य उरले नाही, अमेरिकेवरचे प्रेमही त्या ओळीतून गेले. १९५१मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसू देणार नसाल तर गाणार नाही, असा तिने आग्रह धरला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबात मिळालेल्या वर्णभेदाच्या वागणुकीवरून तिने जाहीर भांडण मांडले आणि एफबीआयने तिची फाईल उघडली. २८ ऑगस्ट १९६३ला नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टनच्या मोर्चात ती भाषणाला उभी राहिली ती फ्रेंच गणवेशात, पदके लावून. तो बदललेला शब्द या सगळ्याच्या शेजारी ठेवून ऐकला पाहिजे. वार्नाने लिहिलेल्या पात्राला तिने स्वतःच्या हाताने बाजूला केले होते.

८ एप्रिल १९७५ला पॅरिसच्या बोबिनो रंगमंदिरात तिच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीवरचा खेळ सुरू झाला. त्याचेही ध्वनिमुद्रण निघाले आहे. आवाज खाली आला आहे, जाड झाला आहे, पण ओळ कुठे थांबवायची हे अचूक कळते. चार दिवसांनी, १२ एप्रिलला, ती गेली. ३० नोव्हेंबर २०२१ला फ्रान्सने तिला पँथेऑन या थोरांच्या स्मारकात स्थान दिले. ती फ्रेंच झाली त्याच तारखेला. गाण्याच्या स्वरलिपीवर आणि तबकड्यांच्या लेबलांवर आजही तीन नावे छापली जातात: स्कोत्तो, कोजेर, वार्ना. ज्या एका शब्दाने त्या गाण्याचा अर्थ कायमचा फिरला, तो तिचा होता, आणि रचनाकारांच्या ओळीत तिचे नाव नाही.